घरगुती वेल्डिंग वर्कशॉप : गॅसचा रेग्युलेटर कसा निवडावा?

ग्रिल, गेट, शटर, जिन्याचे कठडे, पाण्याच्या टाकीचे स्टँड ही कामे करणारे लहान-मोठे गाळे भिवंडी, मालेगाव, मिरज, कुर्ला अशा कोणत्याही गावात वा वस्तीत दिसतात. या धंद्यात आपले बांधव पूर्वीपासून आहेत. बापाने होल्डर आणि रॉड हातात धरला, मुलानेही तोच धरला. आता मात्र चित्र बदलत आहे. घरच्या सिंगल फेज विजेवर चालणारी लहान मिग मशीन बाजारात आली आहेत. रॉड बदलण्याची कटकट नाही, खपली झाडायची नाही, पातळ पत्रा जळत नाही. त्यामुळे अनेक तरुण घराच्या पडवीत किंवा मागच्या अंगणात असे मशीन मांडून कामाला लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे.

पण मशीन घेताना चार दुकाने फिरणारा तरुण, त्याच्याबरोबर लागणारा गॅसचा रेग्युलेटर घेताना मात्र "कोणताही द्या, स्वस्तातला द्या" असे म्हणतो. येथेच चूक होते.

काही दिवसांपूर्वी ओळखीतील एक तरुण कारागीर खिडकीच्या ग्रिलचा तुकडा घेऊन माझ्याकडे आला. वरून रंग छान, पण रंग खरवडला तर जोडावर टाचणीच्या टोकाएवढी भोके, आत जाळी. "चाचा, मशीन खराब निघाले," तो म्हणाला. त्याने वायर बदलून पाहिली होती, टीप बदलली होती, दुकानदाराशी भांडणही केले होते. मी विचारले, "बेटा, रेग्युलेटर कोणता लावलास?" तेव्हा कळले, की अब्बांच्या गॅस कटिंगच्या सेटचा जुना ऑक्सिजनचा रेग्युलेटर त्याने लेथवाल्याकडून जोड करून कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर बसवला होता. दहा-पंधरा मिनिटे काम केले, की त्या रेग्युलेटरवर पांढरे दव गोठत असे. ते त्याला मशीन चांगले थंड चालल्याचे लक्षण वाटत होते!

मशीन निर्दोष होते. दोष रेग्युलेटरचा होता. दोन महिन्यांचे काम त्याच रेग्युलेटरवर झाले होते, आणि त्यात एका इमारतीच्या जिन्याचा कठडाही होता. म्हणून हा विषय सविस्तर मांडणे गरजेचे वाटले.

गॅसचे काम काय?

मिग वेल्डिंगमध्ये बारीक तार सतत पुढे येते आणि विजेच्या ज्योतीत वितळून जोडात भरते. वितळलेल्या लोखंडाला हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन लागला, की ते वायू धातूत शिरतात आणि धातू थिजताना बुडबुडे होऊन अडकतात. हीच ती भोके. रॉडवर मसाल्याचे आवरण असते, ते जळून जोडाचे रक्षण करते. मिगच्या साध्या तारेवर तसे काही नसते. तिचे रक्षण नोझलमधून येणारा गॅस करतो.

ही पद्धत १९४८ साली अमेरिकेतील बॅटेल संस्थेत विकसित झाली. तेव्हा महागडे वायू लागत, म्हणून ती मुख्यतः अॅल्युमिनियमसारख्या धातूंसाठी होती. १९५३ साली सोव्हिएत संशोधक ल्युबाव्स्की आणि नोवोशिलोव यांनी कार्बन डायऑक्साइड वापरून पोलाद जोडण्याची पद्धत जाहीर केली. गॅस स्वस्त झाला आणि हे वेल्डिंग लोखंडाच्या साध्या कारखान्यात पोहोचले. आपल्याकडे कारागीर याला सरळ 'सीओटू वेल्डिंग' म्हणतात, ते यामुळेच.

दाब वेगळा, प्रवाह वेगळा

सिलिंडरमध्ये गॅस प्रचंड दाबाने भरलेला असतो. रेग्युलेटर तो दाब कमी करतो. पण मिगसाठी एवढे पुरत नाही. जोडावर मिनिटाला किती लिटर गॅस पडतो, हे येथे महत्त्वाचे. ऑक्सिजनच्या कटिंग रेग्युलेटरवरचे दुसरे घड्याळ दाब दाखवते, प्रवाह नाही. त्यावर अंदाजाने काटा लावणे म्हणजे दुकानदाराने तराजूऐवजी हाताने साखर मोजून देण्यासारखे आहे. म्हणून मिगसाठी ज्यावर 'लिटर प्रति मिनिट' असे माप आहे, तोच रेग्युलेटर घ्यावा.

घरगुती मशीनवर बहुधा ०.८ मिलिमीटरची तार चालते. तिला बंद जागेत मिनिटाला १० ते १२ लिटर गॅस पुरतो. थोडी हवा खेळत असेल तर १५ पर्यंत जावे. त्यापुढे वाढवण्यात फायदा नाही. लहान नोझलमधून फार जोराने गॅस सोडला, तर तो घुसळतो आणि बाहेरची हवा स्वतःच आत ओढून घेतो. भोके पडली की गॅस वाढवायचा, ही अनेकांची सवय उलट नुकसान करते. वारा लागत असेल तर पंखा बंद करावा, पत्र्याचा किंवा जाड कापडाचा आडोसा करावा.

हिशेबानेही पाहू. एक किलो कार्बन डायऑक्साइडपासून साधारण ५४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे ३० किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १६,२०० लिटर. मिनिटाला १२ लिटर सोडला, तर ज्योत पेटती राहण्याचे साडेबावीस तास मिळतात. २० लिटर सोडला तर साडेतेरा तासच. शेवटचा थोडा गॅस कामात येत नाही हे धरले, तरी नऊ तासांचा फरक केवळ नीट माप न लावल्याने पडतो. चांगल्या रेग्युलेटरची जास्तीची किंमत काही सिलिंडरांत वसूल होते ती अशी.

गॅस कोणता, ते आधी ठरवा

दुकानात जाण्यापूर्वी आपण कोणता गॅस वापरणार, हे पक्के करावे. साध्या लोखंडाच्या कामाला शुद्ध कार्बन डायऑक्साइड चालतो आणि तो स्वस्त पडतो. आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण, उदाहरणार्थ ८० आणि २० टक्के, वापरले तर छर्रे कमी उडतात, जोड सफाईदार येतो, पातळ पत्र्यावर काम सोपे होते. मात्र खर्च वाढतो. अॅल्युमिनियमसाठी शुद्ध आर्गॉनच लागतो.

या गॅसांचे स्वभाव भिन्न आहेत. आर्गॉन सिलिंडरमध्ये वायूरूपातच दाबून भरलेला असतो, साधारण १५० बार किंवा त्याहून अधिक दाबाने. गॅस अर्धा संपला की घड्याळाचा काटाही अर्ध्यावर येतो. कार्बन डायऑक्साइड मात्र सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. २० अंश तापमानाला त्याचा दाब सुमारे ५७ बार असतो, आणि आत द्रव आहे तोवर सिलिंडर भरलेला असो वा अर्धा, काटा जवळजवळ तेथेच राहतो. ३१ अंशांच्या वर तर तो द्रव राहतच नाही. मराठवाडा-विदर्भाच्या उन्हाळ्यात भरलेला सिलिंडर तापला तर दाब शंभर बारच्या पुढे जाऊ शकतो. म्हणून ज्याचे घड्याळ शंभरावरच संपते असा रेग्युलेटर घेऊ नये, आणि सिलिंडर उन्हात ठेवू नये.

सिलिंडरच्या तोंडाचे आटे गॅसनुसार वेगळे ठेवलेले असतात, ते चूक होऊ नये म्हणूनच. जळणाऱ्या गॅसचे आटे उलटे, न जळणाऱ्याचे सुलटे. लेथवर जोड करून एका गॅसचा रेग्युलेटर दुसऱ्यावर बसवणे म्हणजे ही सोयच मोडून काढणे होय. उलटा प्रकार तर अधिक भयंकर आहे. इतर गॅसवर वापरलेला रेग्युलेटर पुन्हा ऑक्सिजनवर लावला आणि त्यात तेलाचा अंश राहिला असेल, तर आग लागून स्फोट होऊ शकतो. ऑक्सिजनचा रेग्युलेटर ऑक्सिजनलाच राहू द्यावा.

हीटर हवा की नको?

कार्बन डायऑक्साइड द्रवाचा वायू होताना उष्णता शोषून घेतो, आणि मोठ्या दाबातून लहान दाबात येताना आणखी थंड होतो. काम सलग चालले की रेग्युलेटर गोठतो. आत बर्फाचे किंवा गोठलेल्या गॅसचे कण अडकतात, प्रवाह कमी-जास्त होतो आणि जोडाला भोके पडतात. आमच्या तरुण मित्राच्या रेग्युलेटरवरचे पांढरे दव हेच सांगत होते.

यावर उपाय म्हणजे हीटर असलेला कार्बन डायऑक्साइडचा रेग्युलेटर. अधूनमधून चार टाके मारायचे असतील आणि हवा उबदार असेल, तर हीटरवाचून निभते. पण कठडे, गेट असे सलग काम करणाऱ्याने हीटरवाला रेग्युलेटरच घ्यावा. लहान सिलिंडर वापरणाऱ्याने तर नक्कीच, कारण त्यातला थोडा द्रव लवकर थंड होतो. आर्गॉनला हीटर लागत नाही.

हीटर घेताना त्याचे व्होल्टेज पाहण्यास विसरू नये. काही हीटर ३६ व्होल्टचे, काही ११० चे, तर काही घरच्या २३० व्होल्टचे असतात. अनेक मशीनच्या मागे हीटरसाठी ३६ व्होल्टचे सॉकेट दिलेले असते. तसे असेल तर ३६ व्होल्टचाच हीटर घ्यावा, तो विजेच्या धक्क्याच्या दृष्टीनेही बरा. मशीनला असे सॉकेट नसेल तर २३० व्होल्टचा घ्यावा आणि त्याला अर्थिंग चोख असावी. ३६ व्होल्टचा हीटर घरच्या प्लगमध्ये घातला तर तो लगेच जळेल. काम सुरू करण्यापूर्वी काही मिनिटे हीटर चालू करावा आणि काम संपल्यावर आठवणीने बंद करावा.

दोन घड्याळे की काचेची नळी?

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एकात दोन घड्याळे असतात. पहिले सिलिंडरचा दाब दाखवते, दुसऱ्यावर लिटरचे आकडे असतात. दुसऱ्या प्रकारात एक घड्याळ आणि बाजूला पारदर्शक उभी नळी असते. तिच्यात गोटी असते. गॅस वाहू लागला की गोटी वर उचलली जाते आणि लिटरच्या रेषेवर स्थिर होते.

आमची पसंती नळीच्या प्रकाराला आहे. लिटर दाखवणारे घड्याळ खरे तर दाबच मोजते आणि त्यावरून प्रवाहाचा अंदाज सांगते. पुढे नोझलमध्ये छर्रे साचून वाट अडली, तरी ते घड्याळ पूर्वीचाच आकडा दाखवू शकते. नळीतली गोटी मात्र प्रवाह घटला की खाली येते. कारागिराला ती लगेच इशारा देते. नळी उभीच असावी लागते, तिरकी बसली तर माप चुकते. गाळ्यात सिलिंडर हलत असेल, सामान आदळत असेल, तेथे नळी फुटण्याची भीती असते. अशा ठिकाणी घड्याळाचा प्रकार घ्यावा आणि अधूनमधून नोझलवर लावायच्या लहान मापक नळीने प्रवाह तपासावा.

आर्गॉनसाठी आखलेली नळी कार्बन डायऑक्साइडला चालते का, असे अनेक जण विचारतात. दोन्ही वायूंच्या जडपणात फारसा फरक नाही, त्यामुळे मापात पाच टक्क्यांच्या आसपासच अंतर पडते. माप चालून जाईल, पण आटे, दाब आणि हीटर यांचा प्रश्न राहतोच. तेव्हा ज्या गॅसचा रेग्युलेटर त्याच गॅसला वापरावा, हे उत्तम.

काही विक्रेते दोन टप्प्यांचा महाग रेग्युलेटर सुचवतात. आर्गॉनचा दाब सिलिंडर रिकामा होत जाईल तसा उतरतो, तेथे दोन टप्प्यांचा रेग्युलेटर प्रवाह अधिक स्थिर ठेवतो. कार्बन डायऑक्साइडचा दाब बहुतांश वेळ एकसारखा राहतो, म्हणून घरगुती कामाला एका टप्प्याचा चांगला रेग्युलेटर पुरेसा आहे. वाचलेले पैसे हीटरवर खर्च करावेत.

सिलिंडर घेताना आणि भरताना

गॅसच्या सिलिंडरांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या पेसो या संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. सिलिंडरच्या खांद्यावर तपासणीची तारीख कोरलेली असते. ती पाहूनच सिलिंडर घ्यावा, मुदत उलटलेला बाटला स्वस्त मिळाला तरी नाकारावा.

काही जण आग विझवण्याच्या जुन्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला रेग्युलेटर लावतात. त्या सिलिंडरमध्ये तळापर्यंत नळी असते, म्हणून वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि रेग्युलेटर निकामी होतो. वेल्डिंगसाठी आत नळी नसलेला सिलिंडर हवा, आणि तो नेहमी उभा, साखळीने बांधलेला असावा. गॅसही वेल्डिंगसाठीचा कोरडा मागावा. ओलसर गॅसने जोड बिघडतो.

कार्बन डायऑक्साइड किती उरला, हे घड्याळाला न विचारता काट्याला विचारावे. सिलिंडरवर त्याचे रिकामे वजन कोरलेले असते. जवळच्या भंगारवाल्याच्या काट्यावर वजन करून त्यातून ते वजा केले, की गॅस किती किलो आहे ते कळते. भरून आणल्यावरही एकदा वजन करून घ्यावे. आपल्याला माप पूर्ण मिळाले की नाही, ते तेथेच उमजते.

दुकानात विचारण्याचे प्रश्न

१. हा रेग्युलेटर कोणत्या गॅससाठी आहे आणि माझ्या सिलिंडरच्या आट्यांना जोडाशिवाय बसतो का?
२. माप लिटर प्रति मिनिट आहे का, आणि ते २५ पर्यंत तरी दिसते का?
३. हीटर किती व्होल्टचा आहे? त्याची वायर आणि प्लग सोबत मिळतो का?
४. वॉशर, काचेची नळी, घड्याळ हे सुटे भाग नंतर मिळतील का?
५. पक्के बिल आणि दुरुस्तीची हमी देणार का?

भंगार बाजारातला जुना रेग्युलेटर शक्यतो टाळावा. तो आधी कशावर वापरला होता, हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. घ्यावाच लागला तर जाणकार मेकॅनिककडून तपासून घ्यावा. स्क्रू न फिरवता, गॅस वाहत नसताना पुढचा दाब आपोआप चढत जात असेल, तर आतली सीट झिजली आहे असे समजावे.

जोडताना घ्यायची काळजी

रेग्युलेटर बसवण्यापूर्वी त्याचा स्क्रू पूर्ण सैल करावा. वॉशर ठीक आहे ना ते पाहावे. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा आणि उघडताना घड्याळासमोर तोंड न ठेवता बाजूला उभे राहावे. मग साबणाच्या पाण्याने सगळे जोड तपासावेत. बुडबुडे आले की गळती आहे. प्रवाहाचे माप लावताना गनचा ट्रिगर दाबून गॅस वाहता ठेवावा, बंद अवस्थेत लावलेले माप खरे नसते. पाईप गरजेपुरता आखूड ठेवावा. लांब पाईपमध्ये साठलेला गॅस प्रत्येक ट्रिगरला फुकट उडतो.

घरात काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कार्बन डायऑक्साइड आणि आर्गॉन दोन्ही हवेपेक्षा जड आहेत. बंद खोलीत ते खाली साचतात आणि माणसाचा श्वास कोंडतो. कार्बन डायऑक्साइडपासून ज्योतीत विषारी कार्बन मोनॉक्साइडही थोडा तयार होतो. वारा थेट जोडावर येऊ नये, पण खोलीत हवा खेळती असावी. ज्या खोलीत मुले झोपतात तेथे सिलिंडर ठेवू नये. रात्री रेग्युलेटरच्या स्क्रूवर भरवसा न ठेवता सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा.

व्यवसाय आणि अमानत

शेवटी मुद्द्याची गोष्ट. भोके पडलेल्या जोडावर ग्राइंडर फिरवून, पुट्टी भरून, वर रंग मारला की गिऱ्हाइकाला काही दिसत नाही. पैसे मिळतात. पण हदीसमध्ये आलेला तो प्रसंग आठवावा. हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी त्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नसल्याचे स्पष्ट केले. पुट्टीखालची भोके हे त्या ढिगातले ओले धान्यच आहे. फरक एवढाच, की ओल्या धान्याने नुकसान होते आणि तुटलेल्या कठड्याने जीव जातो.

आमच्या त्या तरुणाने हीटरवाला योग्य रेग्युलेटर घेतला. मग त्या इमारतीत स्वतः जाऊन, काय झाले ते सांगून, कठड्याचे जोड खरवडून पुन्हा मारून दिले. त्यात त्याचे चार दिवस आणि पदरचा पैसा गेला. घरमालक आधी चिडला. पण पुढच्या मजल्याचे काम त्याने त्यालाच दिले.

नवे मशीन घेणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच, की व्याजाच्या हप्त्यावर गरजेपेक्षा मोठे मशीन आणण्याऐवजी झेपेल तेवढे मशीन घ्या आणि रेग्युलेटरसाठी पैसा बाजूला ठेवा. महिन्यातून दोन-चार टाकेच मारायचे असतील तर रॉडचे साधे मशीनही पुरते, गॅसचा खटाटोप नको. पण गॅसवर धंदा करायचाच, तर माप चोख ठेवा. हातात कसब आहेच. माप आणि नियत चोख राहिली, तर इन्शाअल्लाह रोजीत बरकतही येईल.